चौगुले सर सातवीत बसतात

आमच्या चौगुले सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते सातवीतली मुलगी होते.

हे वाक्य मी खोडून पाहिलं, पण दुसरं काही सुचत नाही. झालं तसंच होतं. कडेगावच्या बी.एड. कॉलेजात आमचे सराव पाठ सुरू झाले होते. शिक्षक व्हायला आलेल्यांनी एकेकानं फळ्यापुढं उभं राहून शिकवायचं आणि बाकीच्यांनी शाळेतली मुलं असल्यासारखं बाकावर बसायचं, अशी ती पद्धत. त्या दिवशी विक्रम मोहिते उभा होता. विक्रमच्या घरी ऊस, दारात ट्रॅक्टर आणि रोज सकाळी तालीम. त्यानं इतिहासातला प्रतापगडाचा पाठ निवडला होता आणि तो शिकवत कमी होता, लढत जास्त होता. टेबलावर दोनदा मूठ आपटून झाली होती.

तेवढ्यात दारातून बारीक आवाज आला, "मे आय कम इन, सर?"

दारात साठीला आलेले एक गृहस्थ. टक्कल, पांढऱ्या जाड मिशा, खिशाला दोन पेनं. हात छातीशी घडी घातलेले. विक्रम म्हणाला, "या की काका, कुणाला भेटायचंय?"

"मी काका न्हाई, सर. मी रुक्साना पिंजारी. सातवी ब. वडील गाद्या भरत्यात, त्यांचा डबा द्यायला गेले हुते, म्हणून उशीर झाला."

आणि ते गृहस्थ शेवटच्या बाकावर, अंग चोरून, अगदी कडेला बसले. आम्ही हसू दाबत होतो. विक्रमला वाटलं, कुणीतरी वेडसर माणूस कॉलेजात शिरला आहे. पण अंगात पाठ शिरलेला, त्यामुळे तो थांबला नाही. खान भेटीला निघाला, विक्रमचा आवाज चढला, आणि मागून हात वर झाला.

"सर, एक शंका हाय."

"विचार."

"तुमी 'खान' म्हटलं की सगळी पोरं मागं वळून माझ्याकडं का बघत्यात?"

वर्ग हसला. मग खरंच लक्षात आलं की आम्ही सगळे मागं वळून बघत होतो.

"माझं आडनाव तर पिंजारी हाय," रुक्साना म्हणाली. "आणि सर, महाराजांच्या बाजूनं आमच्यातलं कोण व्हतं का? मला घरी जाऊन सांगायचं हाय."

विक्रमनं खडू या हातातून त्या हातात घेतला. "बघून सांगतो."

"उद्या सांगा. मी येते उद्या."

तास संपला तसे ते गृहस्थ उठले, मिशीवरून हात फिरवला आणि जाड, भरदार आवाजात म्हणाले, "मी भूपाल चौगुले. तुम्हाला इतिहास अध्यापन पद्धती शिकवणार आहे. मोहिते, आवाज चांगला आहे. पण वर्गात चाळीस पोरं होती, तू एकोणचाळिसांना शिकवलंस."

विक्रम संध्याकाळी ग्रंथालयात बसला. तालमीत न जाता तो ग्रंथालयात बसल्याची ही पहिली वेळ. दुसऱ्या दिवशी त्यानं महाराजांच्या सैन्यातली आणि आरमारातली मुसलमान माणसं शोधून आणली, आणि त्यांची नावं शेवटच्या बाकाकडं बघून, जरा लाजत, वाचून दाखवली. रुक्सानानं ती पाठ केली.

सर मूळचे आष्ट्याचे. जैन शेतकऱ्याच्या घरातले. थोडा ऊस, थोडी हळद, आणि सूर्य मावळल्यावर पाणीसुद्धा नाही असा घरचा नेम. बोलायला लागले की वर्गातली भाषा आणि गावाकडची भाषा एकमेकांत मिसळून जाते. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वडूजच्या पुढं आमचं गाव, पाऊस पडला तर बाजरी. मला आधी वाटायचं, प्राध्यापक म्हणजे ज्यांच्याशी बोलताना घसा कोरडा पडतो ते. सरांशी बोलताना तसं झालं नाही, कारण ते बहुतेक वेळा माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असायचे.

त्यांचा एक आख्खा वर्ग होता आणि तो त्यांच्या एकट्याच्या अंगात राहायचा. रुक्साना होतीच. धर्मा मदने हा मेंढपाळाचा मुलगा होता, तो काठी घेऊन यायचा आणि बाकावर पाय वर घेऊन बसायचा. तिप्पाण्णा हा ऊसतोड्यांच्या टोळीबरोबर सीमेपलीकडून आलेला, त्याला मराठी येत नसे. पाटलाची पल्लवी तर आमच्या डोक्याला ताप होती, कारण तिला सगळं आधीच माहीत असायचं आणि तिचे काका शाळेच्या कमिटीवर होते.

या मुलांची सर इतकी काळजी घ्यायचे की कधीकधी भीती वाटे. रुक्सानाला सर्दी झाली की सर दोन दिवस नाकानं बोलायचे. दिवाळी झाली आणि धर्मा वर्गात यायचा बंद झाला. आम्ही विचारलं तर म्हणाले, "मेंढरं घेऊन कोकणात गेला की. हिकडं चारा हाय कुठं?" तो उन्हाळा संपता संपता परत आला. शेवटच्या बाकावर काठी ठेवली आणि शिकवत असलेल्या मुलीला विचारलं, "मॅडम, मी नव्हतो तवा काय काय झालं?" ती बिचारी पुस्तकाचं पान शोधायला लागली. धर्मा म्हणाला, "पानं नगं. मी कुठं हुतो, ते तरी इचारा." मग धर्मानं घाटातून मेंढरं उतरवायची वाट अशी सांगितली, की त्या दिवशीचा व्यापारी मार्गांचा पाठ वेगळा घ्यावाच लागला नाही.

या सोंगापायी सरांचा एक तोटा व्हायचा. आमचे शिपाई शामूमामा चहा घेऊन दारात यायचे आणि आधी विचारायचे, "आज कोण हाय?"

"आज धर्मा आहे, मामा," आम्ही सांगायचो.

"मग चहा परत न्हेतो. पोरांना चहा न्हाई."

सर काही बोलायचे नाहीत. धर्मा कसा बोलणार? पण कपबशी दारातून परत जाताना त्यांची नजर तिच्यामागं व्हरांड्याच्या टोकापर्यंत जायची.

माझ्या पाठाला तिप्पाण्णा आला होता. माझा विषय आदिलशाही. मी घाबरले होते. आदल्या रात्री आरशापुढं उभं राहून सगळं पाठ केलेलं, पण एक प्रश्न विचारला की मागून उत्तर यायचं, "गोत्तिल्ला." माहीत नाही, एवढा एकच कानडी शब्द मला त्या दिवशी कळला, तोही सारखा ऐकून. शेवटी मी रडकुंडीला येऊन नकाशा लावला आणि पट्टी ठेवून म्हणाले, "शत्रूची राजधानी इथं, विजापूर."

तिप्पाण्णा उभा राहिला. चेहरा असा उजळला की मिशा असूनही तो बारा वर्षांचा दिसला. "विजापूर! नम्म ऊरु!" छातीवर हात ठेवून तो पुन्हा म्हणाला, "नम्म ऊरु."

कानडी येत नसली तरी एवढं कळलं. आमचं गाव, असं तो म्हणत होता. आणि मी नुकतीच त्यावर पट्टी ठेवून शत्रू म्हणाले होते. मी पट्टी पुढं केली आणि म्हणाले, "ये. तू दाखव." तो आला. त्यानं विजापूर दाखवलं, मोठा घुमट हातानं काढून दाखवला, एका बाजूला कुजबुजलेलं दुसऱ्या बाजूला कसं ऐकू येतं ते करून दाखवलं. तास संपल्याची घंटा कुणी ऐकली नाही.

नंतर सर माझ्या पाठाच्या टाचणावर सही करताना म्हणाले, "सारिका, पोरं पुस्तक वाचत न्हाईत. मास्तरचं तोंड वाचत्यात. तू 'शत्रू' म्हटलंस तवा तुझं तोंड बघितलं त्यानं. 'ये' म्हटलंस, तवाबी बघितलं."

सही अर्धी झाली होती आणि त्यांचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल होता. सरांनी तो घेतला आणि लगेच कॅमेऱ्यावर अंगठा ठेवला. पलीकडून लहान मुलाचा आवाज आला, "आजोबा, तुमी कधी येनार?"

"येतो की. ऊन लय हाय हिकडं. तुमच्याकडं?"

"आजोबा, तुमी दिसत न्हाई."

"हां, हितं रेंज न्हाई बाळा."

फोन ठेवल्यावर मी सहीची वाट बघत उभी. निघून जायला हवं होतं, पण कागद त्यांच्या हाताखाली होता. सरच म्हणाले, "नातू. समीर. साताऱ्याला असतो. त्याला आजा म्हणजे एक अंगठा, एवढंच ठाऊक हाय."

विक्रमची मावशी आष्ट्यात दिलेली, त्यामुळे आम्हाला थोडं माहीत होतं. सरांच्या मुलीनं, सन्मतीताईंनी, मुसलमान मुलाण्यांच्या घरात लग्न केलं होतं. आमच्याकडं गावोगावी बकरं कापायचं काम मुलाण्याचं. जावयाचे आजोबा तेच करायचे. जैनाच्या घरातली मुलगी तिथं गेली म्हटल्यावर आष्ट्यात पुष्कळ दिवस तोच विषय चालला होता. सर मात्र भांडले नव्हते, ओरडले नव्हते. पण लग्नानंतर ते लेकीच्या घरी एकदाही गेले नव्हते.

"सर, राग आहे का?" मी विचारलं. माझ्या तोंडून हे कसं गेलं, मला अजून कळत नाही.

"राग कशाचा? जावई जनावरांचा डॉक्टर हाय. आजा कापायचा, ह्यो टाके घालतोय. मी आयुष्यात मुंगी वाचवत चाललो, त्यानं गाई-म्हशी वाचवल्या." त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं. "लग्न झाल्यावर दोघं पाया पडायला आली हुती. मी बोललो सगळं बरोबर. सुखी राहा म्हणालो. पण सन्मती माझ्या तोंडाकडं बघत हुती. तिला तिथं काय दिसलं कुणास ठाऊक. हसल्यागत केलं आणि दुसरीकडं बघितलं. आता तिच्या घरात जाऊन ताटावर बसलो आणि परत तसंच झालं, तर? शब्द माझं ऐकत्यात. तोंड न्हाई ऐकत."

मी सही घेतली आणि बाहेर आले. विक्रमला सांगितलं तर तो नेहमीसारखा हसला नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी साताऱ्यात इतिहासाच्या शिक्षकांचं एक प्रशिक्षण होतं. वर्गात निरनिराळ्या समाजांची मुलं असतात, त्यांना एकमेकांची ओळख व्हावी असा इतिहास कसा शिकवायचा, हा विषय. बोलवलं होतं चौगुले सरांना, आणि मदतीला ते आम्हा दोघांना घेऊन गेले. एसटीत कराड मागं पडल्यावर सर म्हणाले, "सन्मतीनं जेवाय बोलावलंय आज. साडेपाचला. सूर्य मावळायच्या आत आटपंल म्हणाली." एवढं सांगून ते खिडकीबाहेर बघत बसले. आम्ही एकमेकांकडं बघितलं. जाणार की नाही, ते विचारायची हिंमत विक्रमलासुद्धा झाली नाही.

प्रशिक्षणाला आलेले शिक्षक म्हणजे आमच्यासारखी पोरं नव्हती. वीस-वीस वर्षं शिकवलेली माणसं. कुणी वही उघडली नाही, दोघांनी तर मागं टेकून डोळे मिटले. सरांनी फळ्यावर काही लिहिलं नाही. म्हणाले, "तुमच्या वर्गातलं जे पोरगं तुम्हाला सगळ्यात कमी माहीत आहे, ते होऊन बसा."

वडूजकडचे एक जगताप सर होते, पैलवानी अंगाचे. ते म्हणाले, "आवं सर, कमी माहीत हाय म्हटल्यावर त्यो मी होणार कसा?"

"तेच तर," चौगुले सर म्हणाले.

हसाहशी झाली. एक बाई बसल्या जागी बिहारी गवंड्याचा मुलगा झाल्या आणि त्यांना आपल्या आईचं नाव सांगता येईना. एक गुरुजी डोंबाऱ्याची पोर झाले, त्यांनी उभं राहून दोरीवर चालून दाखवलं आणि मग म्हणाले, "पण घरी हिला भाकरी कोण करतं, ते मला ठाऊक न्हाई." हसता हसता वर्ग हळूहळू गप्प होत गेला. जगताप सर बाकावर मावत नव्हते, तरी गुडघे आवळून बसून राहिले. शेवटी म्हणाले, "माझं पोरगं तिसऱ्या रांगेत बसतं. अजून त्याचा आवाज ऐकला न्हाई मी. त्यामुळं मला बोलताच येईना." मग चौगुले सरांकडं बघून अगदी सरळ मनानं म्हणाले, "सर, तुमी बी सांगा की. तुमाला सगळ्यात कमी ठाऊक असलेलं घर कुठलं?"

सरांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं.

"हितनं दहा मिनिटांवर हाय," ते म्हणाले. "चला, पुढच्या पाठाकडं वळू."

साडेचारला सगळे गेले. खिडकीतून अजिंक्यतारा दिसत होता, उन्हं अजून वर होती. सरांनी फळा पुसला. पुसलेला फळा परत पुसला. मग आमच्याकडं न बघता म्हणाले, "एक सराव पाठ घ्यायचा हाय. सारिका, तू सन्मती हो. मोहिते, तू समीर."

"समीर केवढा हाय, सर?"

"तीन वर्षांचा."

विक्रमचं वजन सांगत नाही. त्यानं मुकाट्यानं बूट काढले आणि फरशीवर मांडी घातली.

"आणि तुम्ही कोण, सर?" मी विचारलं.

"मी मीच."

ते बाहेर गेले, दाराची कडी वाजवली, आत आले आणि उभे राहिले. इतकी सोंगं बघितली होती आम्ही, पण इतकं वाईट काम त्यांनी कधी केलं नव्हतं. हात कुठं ठेवावेत ते कळेना. छताकडं बघून म्हणाले, "पंखा नवा घेतलाय काय?"

"आजोबा आलं," विक्रम बोबडं बोलला, आणि रांगत येऊन त्यांच्या विजारीला लोंबकळला. सर पडता पडता वाचले.

"मोहिते, तो चालतो आता."

"बरं, सर."

परत कडी वाजली. या वेळी सरांनी मला ऊस, पाऊस आणि आष्ट्यातल्या सगळ्यांच्या तब्येती सांगितल्या, एका दमात. मी माझी पाण्याची बाटली पुढं केली. "आण्णा, पाणी घ्या."

त्यांनी घेतली. तोंडाला लावायच्या आधी क्षणभर थांबले, मग प्याले, आणि बाटली खाली ठेवून आमच्या नेहमीच्या सरांच्या आवाजात म्हणाले, "निरीक्षण सांग. तोंड कसं झालं?"

मला खोटं सांगता आलं असतं. मोठ्या माणसांना बरं वाटेल तेच बोलायची आमच्या घरची रीत. पण ते विद्यार्थ्यासारखे उभे होते आणि वाट बघत होते.

"वाईट झालं, सर."

"लय?"

"क्षणभरच. पण झालं."

सर बाकावर बसले. "मग न्हाई जमणार. तिला दिसंलच."

विक्रम फरशीवरून माझ्याकडं बघत होता. मी अजून सन्मती होते, पाठ संपलाय असं कुणी म्हटलं नव्हतं. म्हणून मी तिच्या जागेवरूनच म्हणाले, "आण्णा, दिसू दे की. मला तुमचं तोंड ठाऊक न्हाई व्हय? मी स्वयंपाक तुमच्या तोंडासाठी केलेला न्हाई. तुमी या म्हणून केलाय. तुमी आलाच न्हाई, तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू?"

सरांनी उठून टोपी घातली.

"वेळ काय झाली?"

"पाच वाजून गेले, सर," विक्रम म्हणाला.

"चला मग. दिवस मावळल्यावर तिची पंचाईत."

आम्ही गल्लीच्या तोंडापर्यंत सोबत गेलो. तिथं सर थांबले, पिशवीत हात घातला आणि स्टीलचा डबा काढून विक्रमच्या हातात दिला.

"हे एसटीत खावा तुमी दोघं."

"काय हाय, सर?"

"माझा डबा. पोट बरं न्हाई, माझं मी आणलंय, असं सांगणार हुतो. संग असला तर तेच सांगीन मी."

डबा जड होता. विक्रमनं तो दोन्ही हातांनी धरला.

सर गल्लीत शिरले. आम्ही जायला हवं होतं, पण गेलो नाही. चौथ्या की पाचव्या घराच्या पायरीवर एक बाई ओढणीला हात पुसत उभ्या होत्या. बराच वेळ उभ्या असाव्यात. सर त्यांच्यापुढं जाऊन थांबले. पंख्याचं बोलले नाहीत, पावसाचं नाही, उसाचं नाही.

"सन्मे," ते म्हणाले, "भूक लागलीया."

सरांचं तोंड कसं झालं होतं ते आम्हाला कळलं नाही. आमच्याकडं त्यांची पाठ होती. सन्मतीताईंचं मात्र दिसलं. या वेळी त्यांनी दुसरीकडं बघितलं नाही.